पॅथॉलॉजीचे शब्द डोक्यात राहत नाहीत, काय करू?

"मॅडम, मी वणी तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. बारावी सायन्स करून आता डीएमएलटीच्या, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. पॅथॉलॉजीचे शब्द रोज पाठ करते. रात्री येतात, सकाळी काहीच आठवून नाही राहिलं. तोंडी परीक्षेत सरांनी ल्युकोसायटोसिस आणि ल्युकेमियातला फरक विचारला, मी नुसती उभी राहिले. इंग्रजी माध्यमाच्या मुली पटापट बोलतात. दुसरं असं, की गावात कोणाचाही रिपोर्ट आला की माझ्याकडे घेऊन येतात अन् 'वाच, सांग' म्हणतात. मला धड कळत नाही, अन् नाही म्हणवत नाही. हे सोडून बीएला नाव टाकू का?"

पोरी, कोर्स सोडू नकोस. तुझी अडचण अभ्यासाच्या पद्धतीत आहे आणि पद्धत बदलता येते. बीएला जायचं तर बीए आवडतं म्हणून जा, ल्युकोसायटोसिसला घाबरून जाऊ नकोस.

आधी सरांचा प्रश्न संपवू, नाहीतर तो मनात खुपत राहील. 'ल्युको' म्हणजे पांढरं, 'साइट' म्हणजे पेशी, आणि पेशीच्या नावाला 'ओसिस' लागलं की बहुतेक वेळा त्या पेशी वाढल्या असं समजायचं. मोठ्या माणसाच्या रक्तात एका घन मिलिमीटरला साधारण 4,000 ते 11,000 पांढऱ्या पेशी असतात. त्या 11,000 च्या वर गेल्या की ल्युकोसायटोसिस. हा रोग नाही, रक्तात दिसलेली एक खूण आहे. न्यूमोनिया, अपेंडिक्सची सूज, पू झालेला गळू, अगदी गरोदरपणातही ती दिसते. शरीर कशाला तरी तोंड देतंय, एवढाच तिचा अर्थ. ल्युकेमिया मात्र रोग आहे, रक्त तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर. मुळात बिघाड अस्थिमज्जेत असतो. तीव्र ल्युकेमियात तिथल्या कच्च्या पेशी, म्हणजे ब्लास्ट, रक्तात उतरतात. आकडा लाखावर जाऊ शकतो, पण काही रुग्णांत तो नेहमीसारखा किंवा कमीही असतो. म्हणून नुसत्या आकड्यावर ल्युकेमिया ठरत नाही, स्लाइड बघावी लागते, पुढे मज्जा तपासावी लागते. उलट, जबर जंतुसंसर्गात आकडा 50,000 च्या वर गेला आणि कॅन्सर नसला, तर त्याला ल्युकेमॉइड रिअ‍ॅक्शन म्हणतात. एवढं बोललीस की सर पुढचा प्रश्न विचारतील.

ल्युकेमिया हे नाव जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी 1847 मध्ये दिलं. रुग्णाचं रक्त पांढरट दिसत होतं, म्हणून 'पांढरं रक्त'. शब्द फोडलास तर एवढंच हाती लागतं, कॅन्सरचा त्यात उल्लेखही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण शब्द फोडायला शिकल्यावर सगळं आलं असं वाटायला लागतं. फोड करून अर्धा अर्थ मिळतो. उरलेला अर्धा शरीरात काय घडतंय ते समजल्यावर येतो.

इंग्रजी माध्यमाच्या मुलींचं म्हणशील तर, 'अनायसोपॉयकिलोसायटोसिस' त्यांच्याही घरात कोणी बोलत नाही. हे शब्द बहुतांशी ग्रीक आणि लॅटिनमधून आलेले, सगळ्यांनाच परके. त्यांना वाक्य जुळवणं सोपं जातं इतकंच, आणि तो सराव वर्षभरात तुलाही होईल. मराठीच्या व्याकरणात तू उपसर्गघटित आणि प्रत्ययघटित शब्द केलेत ना? 'बेजबाबदार'मधला 'बे' ओळखता येतो, तर 'अनीमिया'मधला 'अन्' का ओळखता येऊ नये? तेच कौशल्य इथे वापरायचं. वरचा लांबलचक शब्द घे: 'अनायसो' असमान, 'पॉयकिलो' नाना आकारांचं, 'सायटोसिस' पेशींची ती अवस्था. म्हणजे तांबड्या पेशी लहानमोठ्याही आहेत आणि वेड्यावाकड्याही. संपलं.

पण शब्दांपासून सुरुवात करू नकोस, घटनेपासून कर. वावरात निंदताना पायात बाभळीचा काटा मोडला, हे तू शंभरदा पाहिलं असशील. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते आणि पाय टेकवत नाही. रोमन लेखक सेल्सस यांनी पहिल्या शतकात यातली पहिली चार लक्षणं लिहून ठेवली: रुबर, कॅलॉर, ट्यूमर, डोलर. पाचवं, त्या भागाचं काम थांबणं, नंतर जोडलं गेलं. आता आत काय झालं ते बघ. बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या, रक्त जास्त आलं, म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांच्या भिंतीतून प्रथिनं असलेला द्रव बाहेर झिरपला, म्हणून सूज. प्रोस्टाग्लॅन्डिन आणि ब्रॅडिकायनिन ही रसायनं सुटली, म्हणून ठणका. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, दिवस-दोन दिवसांनी मॅक्रोफेज, म्हणजे घाण गिळणाऱ्या मोठ्या पेशी. मेलेले न्यूट्रोफिल आणि विरघळलेला मांसभाग मिळून पू होतो. तो एका जागी साठला की ॲबसेस. जांघेत अवधान आलं, म्हणजे तिथली गाठ सुजली, तर ते लिम्फॅडेनायटिस. या सगळ्या प्रकाराला नाव इन्फ्लमेशन, आणि तो ज्या अवयवात होईल त्या अवयवाच्या नावाला 'आयटिस' जोडायचं. 'हिपॅटो' यकृत, 'नेफ्रो' मूत्रपिंड, 'आर्थ्रो' सांधा, 'गॅस्ट्रो' जठर. लाव 'आयटिस' आणि बघ किती शब्द न पाठ करता झाले.

इथे एक गोष्ट नीट बघ. सेल्ससच्या यादीतल्या 'ट्यूमर'चा अर्थ नुसती सूज. आज तोच शब्द आपण नव्या वाढीच्या गाठीला वापरतो. जुन्या शब्दांचं असं होतं, म्हणून नियम शिकताना त्याचे अपवादही त्याच पानावर लिहायचे. 'ओमा' म्हणजे गाठ, आणि बऱ्याचदा साधी गाठ, जशी लायपोमा ही चरबीची. पण लिम्फोमा आणि मेलॅनोमा हे कॅन्सर आहेत, हिमॅटोमा म्हणजे नुसतं साकळलेलं रक्त, आणि टीबीत दिसणारा ग्रॅन्युलोमा हा दाह करणाऱ्या पेशींचा पुंजका. परीक्षक इथेच पकडतात.

अजून काही जोड्या फार फसवतात. 'पायो' पू, 'पायरो' ताप, 'पायलो' मूत्रपिंडाचा आतला पसरट भाग जिथे लघवी गोळा होते. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेसिया म्हणजे बोलण्यात बिघाड. थ्रॉम्बोसिस म्हणजे जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीत गुठळी होणं, आणि थ्रॉम्बोसायटोपेनिया म्हणजे प्लेटलेट, रक्त गोठवायला लागणाऱ्या बारीक पेशी, दीड लाखाच्या खाली जाणं. पहिल्यात रक्त नको तिथे गोठतं, दुसऱ्यात रक्तस्रावाची भीती असते. ऑपरेशनचे शब्द मात्र गावातच शिक. बाईची 'पिशवी काढली' म्हणजे हिस्टेरेक्टॉमी, 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं. सिझरमध्ये पिशवीला छेद देऊन बाळ काढतात, पिशवी आत राहते, तो छेद म्हणजे हिस्टेरोटॉमी. आणि मोठ्या आतड्याला पोटावर तोंड करून दिलं की कोलोस्टॉमी.

स्पेलिंगचंही सांगून टाकते. आपली पाठ्यपुस्तकं बहुधा ब्रिटिश पद्धतीने लिहितात. अनीमिया, इडीमा, हिमॅटोलॉजी यांत दोन स्वर जोडून येतात. मोबाइलवरचे व्हिडिओ बरेचसे अमेरिकन, त्यात एकच 'ई' असतो. दोन्ही बरोबर आहेत, पण एका उत्तरपत्रिकेत एकच पद्धत ठेव.

आता पॅथॉलॉजीचा मोठा प्रश्न कसा लिहायचा. कोणताही रोग आला तरी चार गोष्टी क्रमाने विचारायच्या. कशामुळे झाला, ती इटिऑलॉजी. त्यातून शरीरात एकापाठोपाठ एक काय घडत गेलं, तो पॅथोजेनेसिस. अवयवात आणि पेशीत डोळ्यांना आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय बदललं, ती मॉर्फॉलॉजी. आणि त्यामुळे रुग्णाला काय होतं, ती लक्षणं. तुझ्या कोर्सला शेवटी प्रयोगशाळेतल्या तपासण्या जोडायच्या. हे सिकलसेल या रक्ताच्या आजारावर करून दाखवते. तुझ्या जिल्ह्यात, चंद्रपुरात, गडचिरोलीत, मेळघाटात हा आजार घराघरांत ऐकू येतो, आणि तुला नोकरी लागेल तिथे पहिल्याच आठवड्यात त्याचा नमुना हातात येईल.

कारण एका जनुकातला बदल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड असायला हवं, तिथे व्हॅलिन येतं. केवढासा फरक! शिकागोत जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये विळ्यासारख्या पेशींचं वर्णन छापलं, पण हिमोग्लोबिनचाच रेणू वेगळा आहे हे लायनस पॉलिंग यांच्या गटाने 1949 मध्ये दाखवलं, आणि नेमका बदल व्हर्नन इन्ग्रम यांना 1956 मध्ये सापडला. बदललेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडलं की एकमेकांना चिकटून लांब दांडे बनवतं, आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. इथून दोन वाटा फुटतात. एक, वाकलेली पेशी लवकर फुटते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवस. म्हणून हिमोलिटिक अनीमिया: 'हिमो' रक्त, 'लिटिक' फोडणारा. डोळे पिवळे होतात ते त्याच फुटलेल्या हिमोग्लोबिनच्या बिलिरुबिनमुळे. दुसरी वाट, कडक पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, तो भाग मरतो. रक्ताअभावी मेलेला भाग म्हणजे इन्फार्क्ट. हाडं फुटल्यासारखी दुखतात ती यामुळे.

पानथरीचं, म्हणजे प्लीहेचं, उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की लहानपणी पानथरी मोठी होते, म्हणजे स्प्लिनोमेगॅली, आणि पुढे वारंवार इन्फार्क्ट होऊन ती आक्रसून जवळजवळ नाहीशी होते, म्हणजे ऑटोस्प्लेनेक्टॉमी. 'ऑटो' आपोआप, बाकी शब्द तुला आता येतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून असतं आणि पानथरी मोठ्या वयातही हाताला लागते. परीक्षेत पुस्तकातलं लिही आणि त्याखाली हे एक वाक्य जोड.

तपासणीत तुझं खरं काम. जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीएच्या ट्यूबमधलं रक्त, स्लाइडच्या टोकाशी छोटा थेंब, दुसरी स्लाइड साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांत धरून एका दमात पुढे. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर, जिभेच्या आकाराचा आला आणि टोक पातळ झालं तर जमला. थेंब मोठा घेतला किंवा हात थांबला की जाड-पातळ पट्टे पडतात आणि त्यात कोणी काही वाचू शकत नाही. लीशमन स्टेन हा रंग ओतून दोनेक मिनिटं ठेव, मग दुप्पट बफरचं पाणी घालून आठ-दहा मिनिटं, मग धुऊन वाळव. तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली बघ. आधी न्यूट्रोफिल शोध, तो जांभळ्या गाठींच्या केंद्रकामुळे पटकन ओळखू येतो. मग तांबड्या पेशी. निरोगी पेशीचा मधला भाग साधारण एक तृतीयांश फिका असतो. एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून बदललेलं जनुक आलेल्या, रुग्णाच्या स्लाइडवर दोन्ही टोकांना निमुळत्या, वाकड्या पेशी दिसतील, मध्ये फिकटपणा नाही. फक्त वाहक असलेल्या, म्हणजे एकाकडूनच ते जनुक आलेल्या एएस माणसाची स्लाइड मात्र अगदी साधी दिसू शकते. म्हणून सॉल्युबिलिटी टेस्ट करतात. तीही फक्त 'एस', म्हणजे बदललेलं हिमोग्लोबिन, आहे एवढंच सांगते, वाहक की रुग्ण ते सांगत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांनी कळतं. लग्न जुळवताना हा फरक फार मोठा आहे: दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला एसएस होण्याची शक्यता 25 टक्के. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं आणि त्याचं लक्ष्य 2047 आहे. गावोगावच्या त्या नमुन्यांमागे तुझ्यासारखी मुलंमुलीच ट्यूब हाताळत असतात.

अजून एक रोग तुझ्या पानटपरीवर उभा आहे. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू वाढतात आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात, या पोरांच्या तोंडात एकही धड जात नाही. नाव: ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. शब्द स्वतःच सांगतो, तोंडात, अस्तराखाली, तंतूंची वाढ. पांढरा चट्टा आला की ल्युकोप्लाकिया, 'ल्युको' पुन्हा भेटला. त्या चट्ट्यातल्या पेशी आकाराने आणि मांडणीने बिघडायला लागल्या की डिस्प्लासिया. पूर्ण जाडीत बिघडल्या पण खालचा पातळ पडदा, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन, ओलांडला नाही, तर कार्सिनोमा इन सिटू. हरळीने धुरा ओलांडून शेजारच्या वावरात मुळं टाकावीत तशा त्या पेशी मेम्ब्रेन ओलांडून खाली उतरल्या, की इन्व्हेजिव्ह. बायोप्सीच्या रिपोर्टात पॅथॉलॉजिस्ट सगळ्यात आधी हेच शोधत असतो. सोळा-सतरा वर्षांची पोरं खर्रा खातात हे बघून मला फार त्रास होतो. तुझ्या घरात कोणी खात असेल तर हे चार शब्द त्याला समजावून सांग, तुझी उजळणी होईल.

रोजच्या अभ्यासाला एक शंभर पानी वही कर. एका पानावर एकच घटक: 'हिपॅटो', 'पेनिया' (कमी होणं), 'युरिया' (लघवीत येणं; खतातला युरिया नव्हे), असा. खाली त्याचे चार-पाच शब्द, एक अपवाद, आणि तू प्रत्यक्ष पाहिलेली एक स्लाइड, एक रिपोर्ट किंवा एक रुग्ण. नाव लिहायचं नाही, फक्त 'चाळिशीची बाई, हिमोग्लोबिन 7, तांबड्या पेशी लहान आणि फिक्या' एवढंच. दिवसाला दोन-तीन घटक पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी वही मिटून मोठ्याने बोल, मराठीत बोललीस तरी चालेल, संज्ञा तेवढ्या नीट उच्चार. 'यात प्लेटलेट कमी होतात, त्याला थ्रॉम्बोसायटोपेनिया म्हणतात' हे वाक्य ज्याला बोलता येतं त्याला विषय कळलेला असतो. इंग्रजी वाक्य बनवणं हा त्यानंतरचा सराव, आणि त्यासाठी वर्गातल्याच एखाद्या मुलीशी अदलाबदल कर: तू तिला स्मिअर ओढायला शिकव, ती तुझं बोलणं दुरुस्त करेल. जमलं तर यवतमाळ किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीच्या नमुन्यांचं दालन बघायला सरांना सहल काढायला सांग. फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवलेलं सिऱ्हॉसिसचं गाठाळ यकृत एकदा बघितलं की परिच्छेदभर वर्णन पाठ करावं लागत नाही.

राहिले गावचे रिपोर्ट. लोक तुझ्याकडे विश्वासाने येतात, त्यांना हाकलू नकोस. पण मर्यादा स्वतः आखून घे. तू शब्दाचा अर्थ सांगू शकतेस, आकडा नेहमीच्या मर्यादेत आहे की बाहेर ते दाखवू शकतेस. रोग कोणता, औषध कोणतं, 'काही होत नाही, घाबरू नका' यातलं एकही बोलायचं नाही. ते डॉक्टरचं काम आहे आणि तू डॉक्टर झालीस तरी रुग्णाला न तपासता ते करता येत नाही. एक गोंधळ मात्र जरूर दूर कर. आपल्याकडे 'निगेटिव्ह' म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो आणि 'पॉझिटिव्ह' ऐकून हायसं वाटतं. रिपोर्टात उलट असतं: निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते त्या तपासणीत सापडलं नाही. एचआयव्ही आणि कावीळ बीच्या रिपोर्टात 'रिअ‍ॅक्टिव्ह' आणि 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' लिहितात, तिथेही तसंच. आणि असा रिपोर्ट ओसरीवर चारचौघांत उघडायचा नाही. मोठी माय असो की शेजारची काकू, आत बोलावून फक्त तिलाच सांग, 'काकू, हे डॉक्टरांना दाखवायचंच आहे,' आणि कागद परत दे. फोटो काढून घ्यायचा नाही, ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही.

काही आकडे मात्र सकाळपर्यंत थांबण्यासारखे नसतात. तापाच्या माणसाच्या प्लेटलेट 20,000 पर्यंत खाली आल्यात, हिरड्यांतून रक्त येतंय, किंवा हिमोग्लोबिन 4 आहे आणि माणूस बसल्याजागी धापा टाकतोय, तर अर्थ सांगत बसू नकोस. आशाताईंना उठव, 108 ला फोन कर आणि रिपोर्ट रुग्णाच्या पिशवीत दे, म्हणजे दवाखान्यात तो सगळ्यात आधी डॉक्टरांच्या हातात पडेल.